बँकेच्या ऑनलाइन लिलावात पहिली बोली लावण्याआधी

हर्णैच्या किनाऱ्यावर होड्या लागल्या की वाळूतच लिलाव सुरू होतो. पुकारणारा भराभर आकडे म्हणत जातो. बाहेरून आलेल्या माणसाला कोण बोललं, कोण थांबलं काही कळत नाही. पण पाटीसमोर उभ्या असलेल्या एखाद्या बाईकडे नीट बघा. लिलाव सुरू व्हायच्या आधीच तिने पापलेटाचा कल्ला उघडून बघितलेला असतो, बोटाने मासा दाबून बघितलेला असतो. दापोलीच्या बाजारात काय भाव सुटेल, बर्फाला किती जातील, टेम्पोला किती, हे तिच्या मनात मांडून झालेलं असतं. तिच्या आकड्यापर्यंत ती बोलते. आकडा ओलांडला की ती गप्प होते आणि दुसऱ्या पाटीकडे वळते, चेहऱ्यावर हळहळ नसते.

मोबाइलवरच्या लिलावातही नेमकं हेच करायचं असतं. फरक इतकाच की इथे समोर माणसं नसतात, पडद्यावर फक्त आकडे असतात आणि उलटं मोजणारं घड्याळ. त्या घड्याळाकडे बघताना भलीभली शहाणी माणसं आपला आकडा विसरतात. गेली काही वर्षं ओळखीपाळखीची माणसं बँकेच्या ई-लिलावाची नोटीस घेऊन माझ्याकडे येतात आणि पहिलाच प्रश्न विचारतात, "बोली कधी लावायची? शेवटच्या मिनिटाला लावली तर मिळतं ना?" हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण त्याचं उत्तर सगळ्यात शेवटी येतं. त्याआधीची कामं झाली नसतील तर वेळ कितीही अचूक साधली तरी उपयोग नाही.

इथे मी मुख्यतः बँकेने कर्जवसुलीसाठी काढलेल्या घर, फ्लॅट, गाळा यांच्या लिलावाबद्दल लिहितो, कारण आपल्याकडे नवखे लोक सगळ्यात जास्त पैसे यातच घालतात. गाडी, होडी आणि जुन्या वस्तूंच्या लिलावाबद्दल ओघात जेवढं येईल तेवढं.

नोटीस कशी वाचायची

बँका हे लिलाव २००२ च्या सरफेसी कायद्याखाली काढतात. थकलेल्या कर्जासाठी गहाण मालमत्ता विकून वसुली करायची मुभा बँकांना याच कायद्याने मिळते. नियमाप्रमाणे नोटीस दोन प्रमुख वर्तमानपत्रांत येते आणि त्यातलं एक स्थानिक भाषेतलं असावं लागतं. म्हणजे आपल्या मराठी पेपरात ती येतेच. पहिल्या लिलावासाठी किमान ३० दिवसांची मुदत द्यावी लागते. तो फसला आणि पुन्हा लिलाव काढला तर किमान १५ दिवसांची. सरकारी बँकांच्या मालमत्ता ‘बँकनेट’ या पोर्टलवर एका ठिकाणी दिसतात. ते जानेवारी २०२५ मध्ये नव्या रूपात सुरू झालं. तिथे जिल्हा निवडून रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगड टाकलं की यादी मिळते. मार्च अखेर जवळ आली की नोटिसा वाढतात, असा माझा तरी अनुभव आहे.

नोटिशीत पाच गोष्टींखाली पेन्सिलने रेघ ओढा: राखीव किंमत, अनामत रक्कम, बोली वाढवण्याचा टप्पा, वेळवाढीची अट आणि ताब्याचा प्रकार. राखीव किमतीच्या खाली बँक मालमत्ता विकत नाही. अनामत म्हणजे लिलावात भाग घेण्यासाठी आधी भरायची रक्कम, ती बहुतेक वेळा राखीव किमतीच्या दहा टक्के असते. टप्पा म्हणजे प्रत्येक नवी बोली आधीच्या बोलीपेक्षा किमान किती रुपयांनी वर हवी, तो आकडा. वेळवाढीबद्दल पुढे सविस्तर सांगतो.

ताबा हा शब्द मात्र इथेच समजून घ्या. ‘प्रत्यक्ष ताबा’ लिहिलं असेल तर किल्ली बँकेकडे आहे. ‘सांकेतिक ताबा’ लिहिलं असेल तर बँकेने दारावर कागद चिकटवला आहे, पण आत माणसं राहतायत किंवा कुलूप मूळ मालकाचं आहे. त्यांना बाहेर काढायचं तर बँकेला जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. त्या अर्जावर ३० दिवसांत, वाढवून ६० दिवसांत आदेश व्हावा असं कायदा म्हणतो. आदेश झाल्यावर तो अमलात येणं हा आणखी वेगळा प्रवास. माझ्या मामेभावाने सांकेतिक ताब्यातला फ्लॅट घेतला आणि चौदा महिने एका हाताने कर्जाचा हप्ता आणि दुसऱ्या हाताने घरभाडं भरलं. फ्लॅट स्वस्तच मिळाला होता, पण त्या चौदा महिन्यांनी ती स्वस्ताई खाऊन टाकली. पहिलाच लिलाव असेल तर प्रत्यक्ष ताबा असलेलीच मालमत्ता निवडा, असं माझं स्पष्ट मत आहे.

नोटिशीत आणखी एक वाक्य हमखास असतं: ‘जसे आहे तसे, जिथे आहे तिथे, जे काही आहे ते’. त्याचा अर्थ, नंतर गळती निघाली, थकबाकी निघाली, क्षेत्र कमी भरलं तरी बँकेकडे तक्रार घेऊन जायची सोय जवळजवळ नाही. सगळं आधी बघायची जबाबदारी तुमची.

जागेवर जा, आणि शक्य तर दोनदा जा

पाहणीची तारीख नोटिशीत दिलेली असते. बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला फोन करून वेळ पक्की करा आणि जा. ‘फोटो बघितले, ओळखीच्याने बघितलंय’ यावर लाख-दीड लाखाची अनामत भरू नका.

कोकणातलं घर उन्हाळ्यात वेगळं दिसतं आणि पावसाळ्यात वेगळं. मे महिन्यात बघितलेल्या भिंती कोरड्या ठणठणीत असतात. पण त्याच महिन्यात विहीर आणि बोअरचा खरा तळ कळतो. जुलैत बघितलं तर स्लॅबची ओल, पत्र्याचे सांधे, मागच्या दरडीतून घराकडे येणारं पाणी सगळं समोर दिसतं, मात्र पाण्याचा प्रश्न झाकलेला राहतो. लिलाव आपल्या सोयीने येत नाही, त्यामुळे ज्या ऋतूत बघाल त्याच्या उलट ऋतूबद्दल शेजाऱ्यांना विचारा. शेजारी खरं सांगतात, कारण त्यांना नवा शेजारी हवा असतो.

चिपळूणमध्ये तळमजल्यावरचा फ्लॅट किंवा गाळा असेल तर २२ जुलै २०२१ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं हे दाखवायला सांगा. २००५ च्या जुलैतलंही विचारा. वाशिष्ठीच्या पाण्याच्या खुणा रंगाखाली दडतात, पण वायरिंगच्या पेट्यांत आणि दरवाजाच्या चौकटींच्या खालच्या बाजूला त्या राहतात. दापोली, मंडणगड, श्रीवर्धन भागात ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने छपरं उडाली होती. नंतर बसवलेलं छप्पर घाईने बसवलेलं आहे का, तेही बघा. किनाऱ्याजवळची जागा असेल तर बांधकाम सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणाऱ्या नियमांच्या, परवानगीने झालंय का, हा प्रश्न आधी विचारायचा. समुद्र दिसणारी गच्ची बघून हा प्रश्न विसरणारे लोक मी बघितले आहेत.

गावातलं स्वतंत्र घर असेल तर वाट बघा. घरापर्यंत रिक्षा येते म्हणजे वाट आपली असते असं नाही. ती कुणाच्या तरी आगरातून जात असेल, आणि इतकी वर्षं मूळ मालकाला भावबंद म्हणून जाऊ दिलं असेल. तुम्ही लिलावात घेतलेले परके. ती वाट कागदावर आहे का, हे मोजणीच्या नकाशात आणि जुन्या दस्तात शोधा.

गाडीचा लिलाव असेल तर यार्डात जाऊन गाडीखाली वाका. किनाऱ्याकाठी चाललेल्या गाडीचा चासी खारी हवा आतून खाते, वरचा रंग मात्र शाबूत असतो. माझ्या मेव्हण्याने पिकअप घेतली तेव्हा यार्डाचं साठलेलं भाडं कोण भरणार हे विचारलं नव्हतं. ते त्यालाच भरावं लागलं. थकलेला कर, दंडाच्या पावत्या, संपलेला विमा आणि फिटनेस हे सगळं परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून आधी बघता येतं. होडीचा लिलाव निघाला तर पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात, १ जून ते ३१ जुलै दरम्यान, होडी वर ओढून शाकारलेली असताना तळ बघायची संधी साधा. होडीची नोंदणी आणि मासेमारीचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवान्याबद्दल मत्स्यव्यवसाय खात्यात जाऊन विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कागद

फ्लॅट असेल तर सोसायटीच्या सचिवाकडून थकबाकीचा आकडा लेखी घ्या. नगरपरिषदेची किंवा ग्रामपंचायतीची घरपट्टी, पाणीपट्टी आणि महावितरणचं बिल पाहा. वीजबिलाला हलकं समजू नका. मागची थकबाकी भरल्याशिवाय नवं कनेक्शन न देण्याची अट लिलावात घेणाऱ्यालाही लागू होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलं आहे.

जमीन असलेलं घर असेल तर सातबारा, आठ-अ, फेरफार आणि बिनशेतीचा आदेश बघा. शहरी हद्दीत मिळकत पत्रिका. सातबाऱ्यावर नजर थेट ‘इतर हक्क’ या रकान्यावर न्या. आपल्याकडे कुळाचं नाव तिथेच सापडतं, आणि सामाईक हिस्सेदारांची भलीमोठी रांग भोगवटादारांच्या रकान्यात. मुंबईच्या काकाचा आणि त्याच्या तीन मुलींचा हिस्सा उताऱ्यावर असेल आणि गहाणखतावर फक्त गावातल्या एका भावाची सही असेल, तर बँक विकतेय ते नेमकं काय, हा प्रश्न वकिलाला विचारा. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या. दुसऱ्या बँकेचा बोजा आहे का, हे सरसाई या केंद्रीय नोंदवहीत थोडं शुल्क भरून कोणालाही तपासता येतं.

आणि आंब्याची बाग किंवा शेतजमीन लिलावात दिसली तर तिथे आणखी सावध व्हा. सरफेसी कायदा शेतजमिनीवरच्या गहाणाला लागू होत नाही. शिवाय महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. पतसंस्थांची वसुली सहकार कायद्याखाली होते, तिचे नियम वेगळे. ‘हापूसची शंभर कलमं, निम्म्या किमतीत’ अशी माहिती कुणी व्हॉट्सअॅपवर पाठवली तर आधी कोणत्या कायद्याखाली लिलाव आहे ते विचारा.

आकडा घरी ठरवायचा

आता हिशेब. एक कल्पित उदाहरण घेऊ. दोन खोल्यांचा फ्लॅट, राखीव किंमत १६ लाख, अनामत १ लाख ६० हजार, टप्पा २५ हजार. त्याच इमारतीत किंवा शेजारी असाच फ्लॅट साध्या व्यवहारात २५ लाखांना जातो, हे तुम्ही दोन-तीन ठिकाणी विचारून पक्कं केलं आहे. दलालाने सांगितलेला भाव धरू नका, प्रत्यक्ष झालेल्या खरेदीचा धरा. तो इंडेक्स टू वर, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताच्या उताऱ्यावर, दिसतो.

या २५ लाखांतून वजा करत जा. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीसाठी दीड लाख. सोसायटीची थकबाकी ९० हजार. दुरुस्ती, वायरिंग, बाथरूम, रंग मिळून दोन लाख. वकील आणि शोध २५ हजार. वीजबिल आणि पट्ट्या १० हजार. ताबा आणि कागद पूर्ण होईपर्यंत अडकलेल्या पैशाचं व्याज ७५ हजार. बेरीज साडेपाच लाख झाली. उरले साडेएकोणीस. आता जो धोका तुम्ही पत्करताय, म्हणजे न दिसलेली गळती, न कळलेला दावा, त्यासाठी आणखी सव्वा लाख काढा. उरतात १८ लाख २५ हजार.

हा तुमचा आकडा. तो कागदावर लिहा, घरच्यांना दाखवा आणि त्यांच्यासमोर त्यावर सही करा. मी सगळ्यांना सही करायला लावतो. लिलावाच्या दिवशी कॉम्प्युटरच्या शेजारी तोच कागद ठेवायचा.

१८ लाखांवर न थांबता १८ लाख २५ हजारांवर थांबण्यात एक छोटा फायदाही आहे. बहुतेक लोक गोल आकड्यावर थांबतात. तुमचा हिशेब खरोखर तिथवर जात असेल तर गोल आकड्याच्या एक टप्पा वर थांबा. हिशेब जात नसेल तर मात्र ओढूनताणून नेऊ नका.

पैसे हातात कधी लागतील हेही याच कागदावर लिहा. जिंकलात तर त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी एकूण किमतीच्या २५ टक्के भरावे लागतात. त्यात अनामत धरली जाते. म्हणजे १८ लाख २५ हजारांना मिळालं तर ४ लाख ५६ हजार २५० मधून अनामत वजा जाता २ लाख ९६ हजार २५० रुपये लगेच. उरलेले १३ लाख ६८ हजार ७५० विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. बँकेने लेखी मान्य केलं तरच मुदत वाढते आणि तीही तीन महिन्यांच्या पुढे नाही. पैसे उभे राहिले नाहीत तर भरलेली रक्कम जप्त होते. पूर्ण २५ टक्के जप्त करणं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये वैध ठरवलं आहे. कर्ज काढणार असाल तर बोली लावण्याआधी ज्या शाखेतून काढायचं तिथे नोटीस दाखवा आणि किती दिवसांत रक्कम सुटेल ते विचारा. ‘कर्ज होईल हो’ हे तोंडी आश्वासन पंधरा दिवसांच्या मुदतीत टिकत नाही. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर एक टक्का टीडीएस कापून भरायचं कामही घेणाऱ्याचं असतं.

नोंदणी आणि अनामत

पोर्टलवर नोंदणीसाठी पॅन, आधार, मोबाइल आणि ईमेल लागतो. केवायसी मंजूर व्हायला वेळ जातो, म्हणून नोटीस आवडली त्याच दिवशी नोंदणी करून ठेवा. अनामत शेवटच्या दिवसाआधी किमान दोन दिवस भरा. एनईएफटी आणि आरटीजीएस आता चोवीस तास चालतात हे खरं, पण पोर्टलवर तुमची रक्कम जुळवून दाखवली जाणं ही वेगळी पायरी आहे. आरटीजीएसला किमान दोन लाख लागतात, त्यामुळे आपल्या उदाहरणातली अनामत एनईएफटीने जाईल. लिलाव हरलात तर अनामत परत येते, पण व्याजाशिवाय.

अनामत कधीही कुणाच्या वैयक्तिक खात्यात किंवा यूपीआय नंबरवर पाठवू नका. बँकेच्या नावाने बनावट साइट काढून ‘आजच बुक करा’ म्हणणारे आहेत. नोटिशीतल्या शाखेत जाऊन किंवा फोन करून लिलाव खरा आहे याची खात्री करा. फसवणूक झालीच तर एक तासही न घालवता १९३० वर फोन करा.

लिलावाचा दिवस: बोली नेमकी कधी

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. उत्तर एका गोष्टीवर ठरतं. लिलाव ठरल्या वेळी बंद होतो, की शेवटच्या मिनिटांत बोली आली की पुढे सरकतो?

बँकांचे ई-लिलाव बहुधा पुढे सरकणारे असतात. समजा वेळ ११ ते १ आहे आणि वेळवाढ पाच मिनिटांची आहे. १२ वाजून ५८ मिनिटांनी कुणी बोली लावली की घड्याळ पाच मिनिटं पुढे जातं. पुन्हा बोली आली, पुन्हा पाच मिनिटं. कोणीच बोललं नाही तेव्हाच लिलाव बंद. अशा लिलावात शेवटच्या सेकंदाला बोली लावून कुणालाही चकवता येत नाही, कारण समोरच्याला विचार करायला पुन्हा पाच मिनिटं मिळतात. नेट अडकलं तर तुमची बोली मात्र जाणारच नाही. त्यामुळे इथे घाईचा काही फायदा नाही आणि तोटा पुष्कळ आहे.

मी कसं करायला सांगतो ते सांगतो. अर्धा तास आधी लॉगिन करा. लिलाव सुरू झाल्यावर पहिला तासभर फक्त बघा. सुरुवातीला भराभर आकडे चढवून काही मिळत नाही, उलट कुणाला तरी ही मालमत्ता हवी आहे हे सगळ्यांना कळतं आणि बाकीचे जागे होतात. मात्र कुणीच बोलत नसेल तर शेवटची वीस-पंचवीस मिनिटं राहिल्यावर पहिली बोली लावून मोकळे व्हा. बऱ्याच लिलावांत एकटाच बोलीदार असला तरी राखीव किमतीपेक्षा एक टप्पा वर बोलावं लागतं. म्हणजे आपल्या उदाहरणात १६ लाख २५ हजार. त्यापुढे दुसरं कुणी आलं नाही तर तिथेच थांबा. ‘आपण नंबर एकला’ असं पडदा दाखवत असताना घाबरून पुन्हा बोली वाढवणारे लोक असतात. ते स्वतःशीच स्पर्धा करत असतात.

दुसरा बोलीदार आला की प्रत्येक वेळी एकच टप्पा वाढवा. घड्याळात दोन मिनिटं उरली असताना वाढवा, पाच सेकंद उरल्यावर नाही. समोरच्याला घाबरवायला एकदम लाखभर उडी मारायचा सल्ला काही लोक देतात. मला तो पटत नाही. समोरचा खरोखर घाबरला असता तर तो पुढच्या टप्प्यालाही थांबलाच असता, आणि तुम्ही तो लाख उगाच दिला.

टाइप केलेला आकडा पाठवण्याआधी शून्यं मोजा. १६,२५,००० च्या जागी १,६२,५०,००० झाले तर बोली मागे घेता येत नाही. पोर्टल आकडा अक्षरात दाखवतं, तो मोठ्याने वाचा. शेजारी घरचं माणूस बसवा आणि त्यालाही वाचायला सांगा.

आपल्याकडे लाईट आणि रेंज या दोन्ही गोष्टी गृहीत धरता येत नाहीत. जूनच्या पहिल्या पावसात एक फांदी तारेवर पडली की वाडीच्या वाडी अंधारात जाते. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून बसा, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असलेले दोन फोन जवळ ठेवा, दोन्हींचा हॉटस्पॉट आदल्या दिवशी चालवून बघा. घरी रेंज नसेल तर तालुक्याच्या गावी नातेवाइकाकडे जाऊन बसा. पोर्टलवर आपोआप बोलीची सोय असेल, म्हणजे तुमचा कमाल आकडा भरून ठेवला की यंत्र तुमच्या वतीने एकेक टप्पा वाढवतं, तर कमजोर नेट असलेल्यांनी ती जरूर वापरावी. सहीच्या कागदावरचा आकडा टाका आणि हात मागे घ्या.

आकडा ओलांडला गेला की थांबा. ‘आणखी एकच टप्पा’ हा विचार मनात येईल. समोरच्यालाही तोच येत असतो. कुणी मालमत्ता घेतली नाही किंवा घेणाऱ्याने पैसे भरले नाहीत तर ती पुन्हा लिलावात येते, आणि बोलीच आली नसेल तर बँक पुढच्या वेळी बहुधा राखीव किंमत कमी करते. काही लोक मुद्दाम दुसऱ्या-तिसऱ्या फेरीची वाट बघतात. मालमत्तेला मागणी नाही हे दिसत असेल तर ते शहाणपणाचं आहे. पण जी तुम्हाला राहायला हवी आहे आणि पहिल्याच किमतीत तुमच्या हिशेबात बसते, तिच्यासाठी वाट बघून ती दुसऱ्याला देऊ नका.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. ओळखीच्या दोन-तीन जणांनी मिळून ‘तू बोलू नको, मी बोलतो, नंतर बघू’ असं ठरवणं बेकायदा आहे. त्यात घर गमावलेल्या कुटुंबाचंही नुकसान होतं, कारण लिलावात येणारा प्रत्येक जास्तीचा रुपया त्यांच्या कर्जातून वजा होत असतो.

ठरल्या वेळी बंद होणारे लिलाव

जुनी नाणी, तिकिटं, कॅमेरे, घड्याळं अशा वस्तूंच्या काही साइटवर, ईबेसारख्या, लिलाव ठरल्या सेकंदाला बंद होतो. तिथे गणित उलटं. तुम्ही कमाल आकडा भरता आणि साइट तुमच्या वतीने दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीच्या थोडं वर एवढंच लावते. त्यामुळे आपला खरा आकडा भरायला भिण्याचं कारण नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या किमतीला देण्याच्या लिलावावर अर्थशास्त्रज्ञ विल्यम व्हिक्री यांनी १९६१ मध्ये लिहिलं होतं आणि त्यांना १९९६ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

मग उशिरा का बोलायचं? कारण लवकर लावलेली बोली बघून नवखे लोक आपला आकडा वाढवत जातात. अॅल्विन रॉथ आणि अॅक्सेल ओकेनफेल्स या अभ्यासकांनी ईबेची तुलना अॅमेझॉनच्या त्या वेळच्या लिलावांशी केली होती. अॅमेझॉनवर शेवटी बोली आली की दहा मिनिटं वाढत. शेवटच्या क्षणी बोलण्याची सवय त्यांना ईबेवर बरीच जास्त दिसली. म्हणून अशा ठिकाणी आपला खरा कमाल आकडा शेवटच्या पंधरा-वीस सेकंदांत एकदाच भरा. परदेशातून वस्तू येणार असेल तर टपालखर्च आणि सीमाशुल्क त्या आकड्यातून आधीच वजा केलेलं हवं.

जिंकल्यावर

पंचवीस टक्के भरा, पावती घ्या, उरलेले पैसे मुदतीच्या दोन दिवस आधी भरा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाल्यावर कर्जदाराचा मालमत्ता सोडवून घेण्याचा हक्क उरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तसं स्पष्ट केलं. तरी कर्जवसुली न्यायाधिकरणात दावा दाखल होऊ शकतो आणि स्थगिती येऊ शकते. त्यामुळे विक्री प्रमाणपत्र हातात येईपर्यंत फरशा, फर्निचर यांचा खर्च सुरू करू नका.

ताबा घेताना बँकेचा अधिकारी, दोन साक्षीदार आणि पंचनामा हवा. प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, वीज मीटरचा नंबर आणि आकडा फोटोत घ्या. मूळ मालकाचं काही सामान आत राहिलं असेल तर त्याची यादी करून बँकेच्या ताब्यात द्या, स्वतः बाहेर फेकू नका. गावात राहायचं आहे, आणि त्या घरात कुणाचा तरी गणपती बसत असे. एका घरात ताबा घेताना आम्हाला माळ्यावर गणपतीचा पाट आणि मखराच्या पट्ट्या मिळाल्या. त्या त्यांच्या माणसांपर्यंत पोचवल्या. त्या कुटुंबातल्या काकूंनी नंतर स्वतःहून येऊन विहिरीच्या पंपाची जुनी वायर कुठून गेलीय ते दाखवलं.

प्रमाणपत्राची नोंदणी झाली की सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर नाव लावायचा अर्ज, घरपट्टीवर नाव, सोसायटीचं भागप्रमाणपत्र आणि महावितरणकडे नावबदल, हे अर्ज एकाच आठवड्यात द्या. प्रत्येक अर्जाची पोच प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये घाला, कारण पहिल्या पावसाळ्यात नव्या घरात ओल कुठे येते हे अजून तुम्हाला माहीत नाही.